सकाळी सातच्या आत फेरतपासणी व्हावी म्हणून

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
अपघातग्रस्त वाहन तपासणी कक्ष,
नाशिक.

अर्जदार : शामसुंदर विनायक गायधनी, वय ६८, सेवानिवृत्त अव्वल कारकून, रा. पंचवटी.

विषय : अर्जदाराच्या मोटारीचे ब्रेकलाईट थंडी असेपर्यंत, सकाळी सातच्या आत पुन्हा तपासून अर्जदारास दोषी धरणेबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल दि. ६ जानेवारी २०२६, वेळ दुपारी २.१०. २) अर्जदाराचा त्याच दिवशीचा जबाब (चुकीचा). ३) अर्जदाराचे परत आलेले दोन अर्ज.

महोदय,

१. दि. ६ रोजी सकाळी ६.४० वाजता अर्जदार पाहुण्यांना आणण्यासाठी द्वारका चौकातून जात होता. समोर बस अचानक थांबल्याने अर्जदाराने करकचून ब्रेक दाबला. मागून स्कूटीवर शेवंतीची पोती घेऊन फुलबाजाराकडे निघालेली कु. दीपमाला, रा. पळसे, हिची धडक बसली. तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. फुले रस्ताभर झाली.

२. पोलिसांसमोर दीपमाला एकच वाक्य बोलत राहिली, "लाईट लागलीच नाय." यावर अर्जदार तिच्या अंगावर ओरडला की, पोरी, धडधडीत खोटे बोलू नकोस, मी ब्रेक दाबला आणि लाईट लागली. तसा जबाब सही करून दिला. दुपारी आपण गाडी तपासली. तिन्ही ब्रेकलाईट लख्ख लागले व तसे आपण लिहिले. आपल्या अहवालात काडीची चूक नाही, हे अर्जदार नम्रपणे नमूद करतो. चूक कुठे आहे ते पुढे येते.

३. या दोन कागदांच्या जोरावर दीपमालावर बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदला गेला. ही मुलगी बसचालक पदासाठी निवडली गेली आहे. साडेचारशे उमेदवारांत बस मागे घेण्याच्या परीक्षेत ती पहिली आली. तिची चारित्र्य पडताळणी बुधवार, दि. २८ जानेवारी रोजी आहे. त्या दिवशी गुन्हा कायम असेल तर नोकरी गेली.

४. दि. १० रोजी ती प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून अर्जदाराच्या दारात आली. अर्जदाराने मनात चार उत्तरे तयार ठेवली होती. ती म्हणाली, "काका, भांडायला नाय आले. एकदा सकाळच्या टायमाला गाडी चालू करा, मी मागं उभी राहते. माझी मलाच शंका यायला लागली हाय." अर्जदाराच्या पत्नी सौ. लतिका यांनी तिला चहा दिला व अर्जदाराकडे जे पाहिले, ते अर्जात लिहिता येत नाही.

५. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती फुलांच्या टेम्पोतून आली. अर्जदाराने ब्रेक दाबला. ती म्हणाली, नाय लागली. पुन्हा दाबला. नाय लागली. तिसऱ्यांदा अर्जदाराने सौ. लतिका यांना आत बसवले, ब्रेक दाबायला सांगितला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. साहेब, मागे अंधार होता. चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्या या शहाण्याला तेव्हा कळले की चालकाला स्वतःचा ब्रेकलाईट कधीच दिसत नाही. मग "लागली" असे कशाच्या भरवशावर सही करून दिले होते? अर्जदाराला शरम वाटली व अजून वाटते.

६. त्याच दुपारी सावळीराम मिस्त्रींना बोलावले. दिवे लागले! त्यांनी बल्ब, फ्यूज, वायरी सगळे पाहिले व म्हणाले, "काका, गाडी ठणठणीत आहे, तुम्हीच कोणाला तरी दाखवून घ्या." हे दोनदा झाले. शेवटी दि. १५ रोजी ते सकाळी सहाला आले, डॅशबोर्डखाली डोके घालून झोपले आणि दोष सापडला. ब्रेकच्या पेडलवर वरच्या अंगाला छोटा स्वीच असतो. त्याची दांडी पेडलने आत दाबलेली असते. पेडलवर पाय दिला की ती बाहेर येते आणि दिवे लागतात. ही दांडी आतच चिकटून बसली होती. मिस्त्रींनी बोट लावले, वास घेतला, जिभेला लावले आणि म्हणाले, "काका, हे गोड लागतंय."

७. येथे अर्जदारास कबुली देणे भाग आहे. अर्जदाराचे घराणे पौरोहित्याचे. नोकरी कारकुनाची केली तरी खंडेनवमीला गाडीची पूजा अर्जदार स्वतः सांगतो. जीव वाचवतो तो ब्रेक, म्हणून यंदा ब्रेकला पंचामृताचा अभिषेक केला. अभिषेक वरूनच व्हावा लागतो, खालून होत नाही. म्हणून कंबर मोडून, हात वर घालून, पळीने मुळापाशी धार धरली. मध आणि साखर जरा सढळ हातानेच होते. ऑक्टोबरात काही जाणवले नाही. थंडी पडली तसे पंचामृत पहाटे घट्ट होते आणि दुपारी उन्हाने सैल होते. आपण दुपारी आलात, दीपमाला सकाळी आली. दोघांनीही खरेच सांगितले. खोटा एकटा अर्जदार.

८. अर्जदाराचा पहिला अर्ज आवक टेबलावरून "तक्रार कोणाविरुद्ध?" अशा शेऱ्यासह परत आला. "स्वतःविरुद्ध" असे लिहून दिल्यावर "तक्रारदार व दोषी एकच असल्यास नमुना उपलब्ध नाही" असा शेरा मिळाला. अर्जदाराने स्वतः टेबलावर बसून आयुष्यभर असलेच शेरे मारले, त्यामुळे रागावण्याची सोय नाही.

९. परंतु साहेब, वेळ नाही. संक्रांत झाली, थंडी उतरते आहे. काल सकाळी पाचव्या दाबाला दिवे क्षणभर लागले. त्यात मुंग्यांना पत्ता लागला आहे. पुरावा रोज थोडा थोडा खाल्ला जात आहे. अर्जदार चारही चाकांभोवती मुंग्यांच्या खडूने रेघा मारतो, गाडी दिवसभर सावलीत ढकलतो आणि स्वीच पुसू देत नाही. दिवाच लागत नसलेली गाडी कार्यालयापर्यंत चालवत आणणेही योग्य नव्हे, त्यामुळे आपणच यावे. चहा तयार असेल. पेडल सौ. लतिका दाबतील.

१०. सबब विनंती की, दि. २७ पूर्वी कोणत्याही दिवशी सकाळी सातच्या आत गाडी तपासावी, अर्जदाराचा जबाब रद्द समजावा, दोष अर्जदारावर लावावा व तसे पोलिसांना कळवावे. शिक्षा जी असेल ती मान्य आहे.

११. दीपमाला रोज सकाळी येते, गाडीच्या मागे उभी राहते आणि हात हलवून सांगते, नाय लागली. पहिल्या दिवशीही तिने एवढेच सांगितले होते. आता ते दुसऱ्या कोणीतरी ऐकावे.

आपल्या पावलांची पहाटे वाट पाहणारा,

(सही)
शामसुंदर विनायक गायधनी
दि. २१ जानेवारी २०२६

सोबत :
१) सावळीराम मिस्त्री यांचा लेखी जबाब (तेलाचे डाग असल्यास क्षमस्व).
२) परत आलेले दोन अर्ज, शेऱ्यांसह.
३) अर्जदाराचा गाडी चालवण्याचा मूळ परवाना. परत करण्याची घाई नाही. आधी तिचे काम व्हावे.