पाचपैकी तीन

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळ.
ही रोजनिशी माझी एकटीची. पण फोनमध्ये बोललेलं तिकडे हर्नडनला लेकीच्या फोनवरही उमटतं म्हणे. वाच बाई शुभा, हरकत नाही. जिला स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस आईने फोन करून सांगावा लागतो, ती उद्यापर्यंत हे विसरेलच. मला तर अक्षर येत नाही. बोलायचं आणि सोडून द्यायचं.

तीन दिवस वादळ. इथे युटामध्ये संजयच्या अंगणात मांडीएवढा बर्फ. नात नेत्रा शनिवारी मैत्रिणींबरोबर डोंगरात स्की करायला जाणार. तिकडे ना लिफ्ट, ना राखणदार. वरचा बर्फ अख्खा सुटून येतो आणि माणूस गाडला जातो. त्या धोक्याचा रोज आकडा येतो, एक ते पाच. आजचा तीन.

माझे व्याही मोहनराव, सुनेचे वडील, रिटायर्ड प्रोफेसर. म्हणाले, पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! जाऊ दे पोरीला. मी म्हटलं, अहो, मार्क धोक्याला पडलेत, पोरीला नाही. तर सगळ्यांदेखत हसले. म्हणे, विहीणबाई, तुम्हाला तीनचा आकडा तरी ओळखता येतो का?

ठीक आहे. मी सूड घेणाऱ्यातली नाही. फक्त मोहनरावांचं तोंड उतरलेलं बघायचं. चार माणसांत.

बुधवार, ५.
सुडाचा विचार सोडला. दिवसभरात सहा-सात वेळा सोडला.
मोहनरावांच्या चहात साखर घातली नाही. म्हणाले, आज चहा फक्कड झालाय.
जेवताना नेत्रा शनिवारचं काहीतरी सांगत होती. लक्ष नव्हतं. मोहनरावांना काय सुनवायचं ते जुळवत होते.

गुरुवार, ६. दुपार.
नेत्राने अंगणात खड्डा खणून बर्फाचे थर दाखवले. तळाशी जुना, रवाळ, मूठ आवळली तरी गोळा होत नाही. त्यावर वादळाचा नवा, जड, एकसंध. म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर पाटा ठेवलेला. उतारावर ठेवा आणि बघा.

पारख अशी: चौकोन कापायचा, वर फावडं उपडं धरायचं आणि थोपटायचं. दहा वेळा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. जितकं लवकर सरकेल तितका धोका. मी जन्मभर भाकऱ्या थापलेली बाई. मनगटाच्या चौथ्याच थापेला सगळं सरकलं! नेत्रा म्हणाली, आजी, चिल, हे नुसतं बॅकयार्ड आहे, डोंगरातला बर्फ वेगळा. कौतुक करायलाही लाजते पोर.

आता डोंगराचं मला कळलं.

शुक्रवार, ७.
उद्या नऊ वाजता मोहनरावांसमोर पारख. मागच्या शेडला लागून नवा खड्डा खणला. खणला संजयने, पण पाठ माझी दुखतेय. वाक्य ठरलं: प्रोफेसरसाहेब, बर्फाला फर्स्ट क्लास मिळाला, आता तुमचा निकाल ऐका.
तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा मलाच त्यांची दया आली. ती आवरली.

शनिवार, ८. संध्याकाळ.
लख्ख ऊन होतं. सगळे जमले. नेत्रा घरातल्या स्लिपरमध्ये. मी म्हटलं, स्की कुठेत? म्हणाली, आजी, बुधवारीच कॅन्सल केलं की! जेवताना सांगितलं होतं. धोक्याच्या आकड्याचं पूर्ण बुलेटिन वाचून आम्ही चौघींनी ठरवलं. आजोबा तेव्हा सॉरीसुद्धा म्हणाले, सगळ्यांसमोर.
म्हणजे मोहनरावांचं तोंड चार माणसांत उतरलं, आणि मी तिथेच बसून आमटी ओरपत होते.

तरी म्हटलं, खड्डा कशाला फुकट घालवा. थोपटायला लागले. मोहनराव ओरडले, विहीणबाई, शेडपासून लांब व्हा, वर पत्रा तापलाय, बर्फ सुटेल! त्यांनी सांगितलं, म्हणून मी दोन पावलं आणखी आत सरकले.

धप्प.

कमरेपर्यंत गाडले गेले. पडल्यावर बर्फ सिमेंटसारखा बसतो, बोट हलेना. मोहनरावांनी फावड्याचीही वाट पाहिली नाही, उघड्या हातांनी उकरून काढलं मला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. हात अजून लालबुंद आहेत त्यांचे.

शुभा, मोहनरावांसाठी डिंकाचे लाडू पाठव. तूप सढळ घाल. आणि वळ चांगले दगडासारखे. त्यांची कवळी नवीन आहे.