अकरावा डगला

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. जपानीत शिक्षिकेला काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं होतं, पण माझ्या तोंडी ‘बाई’च बसलं. समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट वस्तीतल्या तुमच्या काँडोत मी आधी नुसते टाके शिकायला यायची, पुढे डगल्यांच्या नोंदीही करू लागले. तुमच्या जपानमधल्या गावच्या कोळ्यांचे ते अकरा डगले, निळीत रंगवलेले, थरावर थर ठेवून पांढऱ्या दोऱ्यानं दाट शिवलेले. गावात लोक ते फाडून फरशी पुसायला लागले, म्हणून तुम्ही मागून आणलेले.

एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. अकराव्याचं कोपर फाटलेलं. मी सुई ओवते आणि तुम्ही माझं मनगट घट्ट धरता. “त्याला हात लावू नकोस.” मग हळूच सांगता, डगला तुमच्या भावाचा. “शिवून ठेव, आल्यावर नेतो,” म्हणून तो नुसत्या सदऱ्यावर गेला. होडी परत आलीच नाही. “शिवला तर न्यायला येईल,” तुम्ही म्हणालात, शेजारचा कोणी यायचा असावा तसं. गॅलरीत वारा नव्हता. काठीवर दहा डगले स्वस्थ होते, त्या एकाची बाही हलत होती. आपण दोघींनीही पाहिली.

तुमच्यानंतर डगल्यांची पेटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आली. तुमच्या गावानं जुन्या शाळेत संग्रहालय काढलं होतं, डगले तिथे द्यायचे होते. पाठवण्याआधी एका दुपारी मी ते कोपर शिवलं. फाटका कसा पाठवायचा, असं मनाला सांगितलं. खरं तर तुमच्याइतका बारीक टाका जमतो का, ते बघायचं होतं. डगला सोफ्यावर ठेवला, कुलूप लावलं आणि स्कूल बसवरून लेकीला आणायला खाली गेले. परत आले तर कुलूप होतं तसंच.

“ममी, फ्लोअर सो वेट लाह!” लेक ओरडली.

बाराव्या मजल्यावर, सोफ्यापासून दारापर्यंत पाणी. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. डगला नव्हता.

दहा डगले गावी पोचले. तिथल्या म्हाताऱ्या आता मुलींना तो टाका शिकवतात, असं पत्र आलं. अकरावा कुठे, असंही विचारलं होतं. मोजण्यात चूक झाली, असं मी कळवून टाकलं.

तुम्ही रागावणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही एवढंच विचाराल, न्यायला आलेला तो कसा दिसत होता. त्या दुपारी लेकीला घेऊन वर यायला निघाले, खाली लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आतून कोणीतरी बाहेर आलं, बाई. मी मान वर केली नाही.