लाझारोची जिरवण्याचे चार दिवस

७ जुलै, अरुशा
उद्या पाहुण्यांना घेऊन सेरेनगेटीची सफारी. दोन गाड्या. पुढच्या गाडीत लाझारो, मागच्या गाडीत मी. मी! सव्वीस वर्षं गाडी चालवतोय, आणि ज्याला बिबट्या झाडावर कुठे शोधायचा ते मी बोट धरून शिकवलं, तो गेल्या महिन्यापासून कंपनीचा मुख्य गाईड. मालकीणबाई म्हणाल्या, जाकायो, तुमचा अनुभव दांडगा आहे, पण आता जरा दमानं घ्या. हे लाझारोनेच त्यांच्या कानात भरलेलं. मी काय खुळा आहे?

संकल्प: या फेरीत लाझारोची जिरवायची. त्याच्या गाडीत जर्मनीचा मोठा ट्रॅव्हल एजंट आहे. त्याला सशाच्या वर काही दिसता कामा नये. मग मुख्य गाईड कोण, ते मालकीणबाईंना आपोआप कळेल.

८ जुलै, कॅम्प
माझ्या गाडीत हॉलंडच्या दोन बहिणी, मारिट आणि योके. दोघी निवृत्त नर्स. सारख्या माझ्याकडेच बघतात. छाप पडलेली दिसते.

जेवणाचे डबे अरुशालाच राहिले. ते गाडीत ठेवायचं काम माझं, मान्य. पण मुख्य गाईडने आठवण करून द्यायला नको? वर लाझारोने स्वतःचा डबा माझ्यापुढे केला. म्हणाला, गुरुजी, होतं असं, खाऊन घ्या. चारचौघांत चांगुलपणा मिरवतो लेकाचा. खाल्ला. पण माफ केलेलं नाही.

९ जुलै, दुपार
आज पहिला घाव घातला. सकाळी चित्त्याची मादी दिसली, तीन पिल्लं, गाडीपासून वीस पावलांवर. आमची रीत अशी की ज्याला जनावर दिसलं त्याने रेडिओवर पार्कमधल्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना सांगायचं. मी चकार शब्द काढला नाही. लाझारोने दोनदा विचारलं, गुरुजी, तिकडे काही आहे का? म्हटलं, गवत आहे, भरपूर.

योकेने हळूच विचारलं, आज तारीख किती? एवढी शिकलेली बाई आणि तारीख माहीत नाही! मी ऐटीत सांगितलं, आठ. इथे लिहायला बसलो तर नऊ. सुट्टीवर आलेल्या माणसाला एका दिवसाने काय फरक पडतो? ती मात्र बहिणीशी बराच वेळ कुजबुजत होती.

१० जुलै, संध्याकाळ
आजचा घाव वर्मी बसला असणार.

सकाळी पावणेसातला रेडिओवर सांगितलं: ठिपके आहेत. (ठिपके म्हणजे बिबट्या. पाहुण्यांना कळू नये म्हणून आम्ही जनावरांची खरी नावं घेत नाही.) सेरोनेरा नदीच्या वळणावर, दुभंगलेल्या उंबरावर, शेपूट खाली लोंबतेय. शेपटाचं मला ऐन वेळी सुचलं. सव्वीस वर्षांचा अनुभव!

चौदा गाड्या धुरळा उडवत पळाल्या, सगळ्यांत पुढे लाझारो. मारिटने विचारलं, हे सगळे कुठे निघाले? म्हटलं, डिझेल भरायला.

थोड्या वेळाने रेडिओवर कोणीतरी हसलं. लगेच लाझारोचा आवाज: हसू नका, गुरुजींचं बरोबर आहे, खाली ताजे ठसे आहेत, आत्ताच उतरून गवतात गेला. वा रे मुख्य गाईड! जिथे बिबट्या नाहीच, तिथे याला ठसे दिसतात! माझी सगळी शिकवण पाण्यात.

आमच्या वाट्याला दिवसभर दोन रानडुकरं आली. तीही पाठमोरी.

संध्याकाळी ड्रायव्हरांच्या चुलीपाशी गेलो तर सगळे एकदम गप्प. एकाने खुर्ची दिली. दुसऱ्याने चहात साखर घालून ढवळूनही दिली. याला म्हणतात दरारा.

११ जुलै, अरुशा, घरी
दुपारी पार्कच्या गेटवर लाझारोने बाजूला घेतलं. मी भांडायच्या तयारीतच होतो. पण तो भांडला नाही. म्हणाला, गुरुजी, तो उंबर आता तिथे नाही. मे महिन्यातल्या पुरात पडला. काल चौदा ड्रायव्हर मोकळ्या काठाकडे बघत उभे होते.

म्हटलं, मग मला कोणी कळवलं का नाही? मुख्य गाईडचं काम काय असतं?

त्याने वाकून बुटाची नाडी बांधली. मग म्हणाला, गुरुजी, तुम्हीच कळवलंत. रेडिओवर. आम्हा सगळ्यांना तुमच्याकडून कळलं.

घरी येईपर्यंत त्याला मनातल्या मनात खोटारडा म्हणत होतो. आल्या आल्या हीच वही मागे चाळली. १६ मे. अक्षर माझंच. 'नदीवरचा दुभंगलेला उंबर पडला. मी पहिला पाहिला, लाझारोच्या आधी. सगळ्यांना कळवलं.'

चार वेळा वाचलं. काहीच आठवत नाही. ना पूर, ना झाड.

बिबट्याचं मी मुद्दाम खोटं बोललो, हे मालकीणबाईंना सांगता येईल. नोकरी जाईल, पण डोकं शाबूत आहे एवढं तरी सिद्ध होईल. होईल का?

लाझारोला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. दमानं घ्या, ते यासाठी होतं. आणि ठशांचं तो माझ्यासाठी खोटं बोलला, चौदा गाड्यांसमोर. मेल्याचा मला भयंकर राग येतो.

संकल्प: उद्या सकाळी गाडीची किल्ली लाझारोला द्यायची. त्याने मागितलेली नाही.