न सांगितलेलं हॉटेल

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हो, जेवते. हो, रक्तदाबाची गोळीही घेते. ‘आई, जरा माणसांत मिसळ’ हा उपदेश मात्र साभार परत. माझी उभी नोकरी टेलिफोन खात्यात अनोळखी माणसं एकमेकांना जोडून देण्यात गेली. आठवड्याच्या आत परतीच्या विमानात बसलेल्या मुलाने मला माणसं शिकवू नयेत.

तरी तुझ्या माहितीसाठी सांगते, वरच्या मजल्यावर एक परदेशी जोडपं आलं आहे. तो उंटासारखा, ती चिमणीएवढी. जिन्यात भेटले तेव्हा हातात पावाची पिशवी. रोज पावच खात होते बिचारे! मग मी नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी बाहेर काढलं. काचेच्या हॉटेलात जाऊ नका, तिथे दिव्यांचेही पैसे लावतात. पोस्टामागच्या खानावळीत दुपारीच जा, रात्री दुपारचंच ऊन करून वाढतात. तेव्हापासून चिमणी दार वाजवून निकाल सांगते, “मावशी, सूप छान, वेटर उद्धट.” ‘मावशी’ मीच शिकवलं.

नदीकडचं मासळीचं हॉटेल तेवढं सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांच्या नि माझ्या शनिवारचं. ते गेल्यापासून मी तिकडे फिरकलेले नाही.

परवा दोघं आभार म्हणून मला जेवायला घेऊन निघाले. “आमचं आम्ही शोधलंय. तुम्हालाही माहीत नसेल!” टॅक्सी थांबली ती तिथेच.

तो म्हातारा वेटर धावत आला. “बाई! किती दिवसांनी! साहेब गाडी लावतायत का?”

“हो,” मी म्हटलं, “येतायत.”

का म्हटलं, विचारू नकोस. त्याने लगेच पंखा बंद केला, तुझ्या बाबांना वारा सोसत नाही म्हणून. उंट माझ्याशेजारी बसायला गेला तर त्याला उठवलं. “अहो, ती साहेबांची खुर्ची.”

“कोण येणार आहे?” चिमणीने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, माझे यजमान वारले. स्वच्छ, व्याकरणशुद्ध, आवाजही कापला नाही. रडली ती.

निघताना वेटरने हातात पिशवी दिली. “साहेब अडकले वाटतं कुठे. त्यांचा मासा बांधलाय. गरम आहे तोवर द्या.”

“देते,” म्हटलं.

घरी येऊन ताट घेतलं, वाढला. पुढचं लिहीत नाही.

तुझ्याकडे राहायला येण्याचं पुन्हा विचारू नकोस. तूच ये. कामं आहेत, माहीत आहे, तरी ये. मला शनिवारी तिथे घेऊन चल आणि त्या वेटरला तू सांग. मी बाहेर रस्त्यावर थांबेन. आपल्या भाषेत ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही रे.

त्या एका टेबलापुरती अजून सवाष्ण असलेली,
तुझी आई