वारूळ सोडून बाकी घर साफ

मुक्काम आरमोरी,
मार्गशीर्ष, १९८३

आदरणीय बापूराव भाऊजींना श्रीहरीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर सध्या वाकत नाही, कारण पुढे येईल.) आपला गुडघा आता बरा असेल, ताईची दाढ काढून झाली असेल आणि चंद्रपूरच्या दुकानात लग्नसराईची गर्दी लागली असेल, अशी आशा करतो. इकडे धान घरात आलं, थंडी पडली आणि मी मजेत आहे. हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण आपल्या पत्रावरून आपण मला पार बुडालेला समजता असं दिसतं.

इथल्या आपल्या घरातलं वारूळ लोखंडी सब्बलीनं फोडून काढ, जमत नसेल तर हा झाडूचा धंदा बंद कर आणि माझ्या दुकानात कापड मोजायला ये, अशी आपली आज्ञा मिळाली. भाऊजी, आपण वडीलधारे, घर आपलं, आणि धंद्याचं पहिलं काम आपणच दिलंत, हे सगळं मान्य. तरी सांगतो, वारूळ फोडणार नाही आणि कापडही मोजणार नाही. का, ते जरा सावकाश ऐकून घ्या.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि साहेब लोक कचेऱ्यांसाठी भाड्याची घरं शोधत फिरू लागले. घरं पुष्कळ होती, पण कुलूपबंद. आत वटवाघळं, मोडक्या बाजा आणि फुटके रांजण. अशी घरं उपसून, सारवून, चुना मारून देणारा माणूस इथे हवा, हे मी ओळखलं. आपण हसलात, पण आपल्या बंद घराची किल्ली दिलीत. अडचण घराची नव्हतीच हो, अडचण माणसांची होती. लहानू, सुकरीबाई आणि तिच्यासोबतच्या बाया, यांतलं कामाला वाईट कोणीच नाही, पण कामात मन लागेल तर शपथ. लहानू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बसला की त्या सुपारीचं पार पीठ होईपर्यंत उठायचा नाही, आणि तो बसला की बाकीच्यांनाही बसावंसं वाटायचं.

मी काय काय केलं नाही ते विचारा. नागपूरला असताना एका मासिकात वाचलं होतं की मजुराला मजूर म्हणू नये, सहकारी म्हणावं. रोज सकाळी दारापुढच्या सपरीत उभं राहून तसं भाषण दिलं. सुकरीबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सहकाऱ्याला सुट्टी कधी असते ते विचारलं. मग मी सगळ्यांनाच मुकादम केलं. दुसऱ्या दिवशी सगळे कमरेवर हात ठेवून उभे आणि झाडू माझ्या हातात. मग आठवड्याच्या उत्तम कामगाराला झेंडूचा हार घालायचं ठरवलं. पहिला हार लहानूला घातला. नवरदेव आला म्हणून बायांनी त्याला इतकं छळलं की त्यानं तो कचऱ्याच्या बंडीच्या बैलाला घातला, आणि बैलानं तो खाल्ला. (बैलाचं मन मात्र त्या दिवशी कामात लागलं.)

अशात माजघराचं दार उघडलं. आत खांबाला टेकून छातीइतकं वारूळ. सुकरीबाईनं झाडू बाजूला ठेवला, चपला काढल्या आणि हळद आणायला घरी गेली. हे उधळीचं, म्हणजे वाळवीचं, घर आहे, यात देव नाही, असं मी शास्त्रीय पद्धतीनं समजावलं. सब्बलीला कोणी हात लावेना. तेव्हा मला युक्ती सुचली. लहानूचं घर बौद्ध, तो असलं काही मानत नाही. म्हणून सब्बल त्याच्या हातात दिली. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली.

"मी नाई मानत, भाऊ," तो म्हणाला. "पण सुकरीबाई मानते. तिच्या देवाले मी काऊन फोडू? तुमी मानत नाई, त तुमीच फोडा."

आता मालक म्हणून मागे हटणं शक्य नव्हतं. मी सब्बल उचलली. सगळे उभे राहून बघत होते. नेमकी त्याच वेळी माझी कंबर धरली. (ती आधीपासूनच कुरकुरत होती. याला योगायोग म्हणतात आणि तो कोणालाही होऊ शकतो. आपण हसू नये.)

पण भाऊजी, दुसऱ्या दिवशी मी कंबर शेकून पोचलो तर सगळे माझ्याआधी हजर. चपला फाटकाबाहेर रांगेत. थुंकायला फाटकाबाहेर जावं लागतं म्हणून लहानूचा खर्रा निम्म्यावर आला. बायांनी जाळी काढली, जमीन सारवली, चुना मारला. लहानूनं छपरावर चढून कवेलू फेरले. वारुळाभोवती रांगोळी आणि बाकी घर आरशासारखं. मी सुकरीबाईला विचारलं की हे आधी का नाही केलं.

"आधी ते तुमच्या भाऊजीचं घर होतं," ती म्हणाली. "आता देवाचं हाये. देवाच्या घरी कचरा ठेवते का कोणी?"

मला फार आनंद झाला, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. इतकी भाषणं केली मी, आणि हे वारूळ एक शब्द बोललं नाही.

मग कचेरीचे साहेब घर बघायला आले. त्यांनी नापसंत केलं असतं तर मी आज आपल्या दुकानात गज घेऊन उभा असतो. फाटकात सुकरीबाई झाडू घेऊन उभी होती, त्यामुळे साहेबांनी बूट तिथेच काढले. घरभर फिरले, माजघरापाशी थांबले. मग म्हणाले, घर घेतो, माजघर तेवढं तुमच्याकडेच राहू द्या. वर कुरखेड्याचं गोदाम साफ करायचं कामही दिलं, पण अट घातली: हीच माणसं आणि हीच सफाई.

तेव्हा धंदा चालू राहील. माझी माणसं मी सांभाळतो, तुमचं दुकान तुम्ही सांभाळा.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
श्रीहरी

ता. क. ताईनं आपल्याला न सांगता वारुळासाठी पाठवलेला नारळ पोचला. हे तिला कळवावं. (आपण रागावू नये.)

ता. क. दुसरा. कुरखेड्याचं गोदाम पाहून आलो. खाली सिमेंट, वर पत्रे, वारुळाचा मागमूस नाही. लहानू दारातच खर्रा घोटत बसला आणि सुकरीबाईनं पुन्हा सुट्टीचं विचारलं.

ता. क. तिसरा. पत्राचं खरं कारण असं की, लग्नात बोहल्यासाठी वारुळाची माती आणतात तशी, आपल्या माजघरातून टोपलंभर माती गोदामात नेण्याची परवानगी हवी आहे. सुकरीबाई म्हणते, घरमालकाचा होकार लागतो. मी अजूनही मानत नाही. माती मात्र तीच काढेल. मी हात लावणार नाही, कंबर आता कुठे बरी होते आहे.