कडी न लावलेलं दार

आदरणीय कौसरवन्सं,

तुमच्यावर शांती असो, त्यातही तुमच्या गुडघ्यांवर विशेष. रक्तदाब कसा आहे? मीठ कमी केलंत का? (केलं नसणारच. तुमच्या भावाला अळणी चालत नाही आणि तुम्ही स्वतःपुरतं वेगळं शिजवून घेणार नाही.) कोर्टाने मला तुमच्या भावापासून सोडवलं, नणंदेपासूनही सोडवा असं मी अर्जात कुठे लिहिलं नव्हतं. म्हणून अजून ‘वन्सं’च म्हणते.

मी इथे मुहर्रम बे भागात, गच्चीवरच्या खोलीत, मजेत आहे. मजेत म्हणजे कशी, ते सांगायचं तर त्या गाण्यापासून सुरुवात करावी लागेल. तेच हो, सध्या अलेक्झांड्रियातल्या प्रत्येक मिनीबसमध्ये वाजतं ते. बाई वाईट नवऱ्याचं घर सोडते, चार मिनिटं त्याला सुनावते आणि शेवटी गाते की दार ओढून घेतलं, कडी नाही लावली. शेजारच्या गच्चीवर उस्ता बैयूमी राहतात. धंद्याने न्हावी, आणि पन्नास वर्षं कबुतरं पाळणारे. त्यांचं मत, कडी लावली नाही म्हणजे बाई परत येणार. “रागाच्या भरात गेली, मास्तरीणबाई. डोकं थंड झालं की येईल मुकाट्याने.” वन्सं, मी धुणं वाळत घालता घालता त्यांना पाऊण तास ऐकवलं. ज्याने बायकोची तीनशे पुस्तकं बियावाल्याला किलोच्या भावाने विकली, आणि मग त्याच पानांच्या पुड्यांतून भाजलेल्या बिया खात तिच्यासमोर बसला, त्याच्या दारात कुठली बाई पुन्हा पाय ठेवेल? (टाळ्या पडल्या नाहीत. एक चादर तेवढी फडफडली.)

पुढचा प्रसंग माझ्या वडिलांच्या कबुतरांचा. सातही जोड्यांचा पिंजरा तुमच्या भावाने, शहाताने, स्वतःच्या हाताने गाडीत ठेवून दिला आणि हसला. चौदा वर्षं काढली त्या माणसाबरोबर; ते हसू मला ओळखता यायला हवं होतं. बैयूमींनी बजावलं, “जागा नवी आहे. चाळीस दिवस पंख बांधा, इथे अंडी घालू द्या, मग सोडा.” मी म्हटलं, माझ्या घरात कुणाचेही पंख बांधले जाणार नाहीत! “तुमची मर्जी. थांबा, खुर्ची घेऊन येतो,” म्हणाले, आणि खरंच घेऊन आले. मी स्वातंत्र्यावर चार शब्द बोलले (वीस मिनिटं), पिंजऱ्याचं दार उघडलं. चौदाही पाखरं वर गेली, एक घिरटी घेतली, एकच, आणि सरळ करमूझच्या दिशेने, तुमच्या गच्चीवर! बैयूमींनी चहा संपवला. “भाषण झकास झालं. पाखरांना कळलं असतं तर राहिली असती.”

तेव्हापासून रोज दुपार कलली की, असरच्या नमाजानंतर, मी पाण्याच्या टाकीवर चढून बसते. दूरवर थवा फिरत असतो आणि त्याला उतरवायला खाली काठीला बांधलेलं लाल फडकं हलत असतं. शहाता गच्चीवर काठी उचलायला यायचा नाही. ते फडकं तुमच्याच हातात असतं. इतक्या लांबूनही मला कळतं, कारण मध्येच ते थांबतं, गुडघा चोळण्याएवढं. मग मी इथून ओढणी हलवते. (बैयूमी म्हणतात, गल्लीला वाटतं मी मदतीसाठी हाका मारतेय.)

बाकी सगळं छान. पत्र भाकरवालीकडे दिलंय. टोपली खाली सोडाल तेव्हा भाकरीखाली असेल.

तुमची तोंडाळ,
इन्शिराह

ता. क. कबुतरं परत पाठवू नका. ती पुन्हा तुमच्याकडेच येतील. मला त्यांचा राग नाही. मलाही पंख असते तर मीही संध्याकाळी तुमच्याच फडक्याकडे आले असते.

आणखी एक. गाण्याचा अर्थ मला टाकीवर बसल्यावर कळला. बैयूमी चुकले आणि मीही चुकले. बाई परत जाणार नाही, तरी कडी उघडीच ठेवते, कारण आत अजून कुणीतरी राहिलंय.

शेवटचं. शुक्रवारी दुपारी शहाता डॉमिनो खेळायला जातो. ट्रामचे दोन थांबे आहेत. माझ्याकडे पायऱ्या अठ्ठेचाळीस. चोविसाव्या पायरीवर बैयूमींची खुर्ची ठेवली आहे. त्या बियांच्या पुड्यांवर तुम्हाला वाचायला शिकवत होते, तेव्हा पान फाटलेलं असायचं आणि तुम्ही दर वेळी विचारायचात, “पुढे काय झालं गं?” विकलेली पानं मला पाठ आहेत, वन्सं. या, पुढचं सांगते.