गजर मी बंद केला

दादा,

तुझा गजर मी बंद केला. तू जागा झाला असतास तर निघालाच असतास, आणि तुला तोंडावर नको म्हणायची कोणाची छाती झाली नसती. हवामान वाचवा म्हणत राजधानीपर्यंत सायकलने जायचं, ही कल्पना तुझीच, हे सगळे मानतात.

काल संध्याकाळी तू गुडघा शेकत पडला होतास, तेव्हा खाली गॅरेजमध्ये आमची, बाकी सगळ्या गटाची, बैठक झाली. सायकलींच्या रांगेत पुढे असणारा वारा अंगावर घेतो म्हणून मागच्याचे कष्ट वाचतात. त्यासाठीच आळीपाळीने पुढे यायचं असतं. सरावात तू एकदाही पुढे आला नाहीस. कप्तान म्हणाला, "हवामान वाचवायचं की तुझ्या दादाला ओढत न्यायचं, एक काय ते ठरव बाई!" सगळे हसले. मीही हसले, आणि ओढायचं नाही म्हणून हात वर केला.

तुझी सायकल मी नेते आहे, ती माझ्या सायकलीपेक्षा हलकी आहे. सीट खाली केली आहे. शेकाची पिशवी भरून उशाशी ठेवली आहे, पण तू उठेपर्यंत गार झालेली असेल.

आईचा फोन आला तर आपणहून थांबलो म्हणून सांग. माझ्या तोंडून तिला ते पटणार नाही. आणि मागून गाडी करून येऊ नकोस. पेट्रोल जाळत आलास तर आमचंच हसं होईल.

राजधानीत तुझं भाषण मी वाचेन. छान लिहिलं आहेस. 'या लढाईत कोणालाही मागे सोडून चालणार नाही' एवढं एकच वाक्य गाळलं आहे. ते ऐकून कप्तानाला हसू आवरणार नाही.

चिंगी